'फ्रुइशन' म्हणजे फळाला येणे? मग तैमूरच्या मुकुटाचं काय करायचं?

उंबरठा

मंडळी, आमच्या अभिवाचनाच्या गटात सध्या ख्रिस्तोफर मार्लोचं 'टॅम्बरलेन' चालू आहे. टॅम्बरलेन म्हणजे आपला तैमूरलंग. नाटक छापलं गेलं १५९० साली. पहिल्या भागाच्या दुसऱ्या अंकाच्या शेवटी तैमूर इराणचा मुकुट हिसकावतो. ज्याचा हिसकावला तो कोस्रो समोर शेवटच्या घटका मोजतोय, आणि हे महाराज त्याला ऐकवतात की माणसाचा आत्मा ज्ञानाच्या मागे धावतो, ग्रहांच्या गती मोजतो, अखंड फिरणाऱ्या खगोलांसारखा कधी स्वस्थ बसत नाही. एवढी उंच उडी मारून शेवटी सगळ्यात मोठं सुख कोणतं, तर 'द स्वीट फ्रुइशन ऑफ ॲन अर्थली क्राऊन'.

गाडी इथे अडली. 'प्लॅन केम टू फ्रुइशन' म्हणजे बेत फळाला आला, फलद्रूप झाला, हे आपण सगळेच वापरतो. पण मुकुट फळाला कसा येईल? गटातल्या एकाने 'मुकुटाच्या इच्छेची गोड फलप्राप्ती' असं करून दिलं. ऐकायला बरं वाटतं, पण 'इच्छा' मूळ ओळीत कुठेच नाही. ती आपण पदरची घातली. शिवाय मुकुट हातात आलेला आहे, मग आता कसली फलप्राप्ती?

या शब्दाचं मूळ कोणी उलगडून सांगेल का?

तिरकस तात्या

मुकुट कुठल्या झाडाला लागतो ते आधी कळवा. दोन कलमं परसात लावतो.

चतकोर

उंबरठा, तुमची शंका बरोबर जागी आहे. त्या ओळीत फळ नाहीच.

फ्रुइशन आला लॅटिन 'फ्रुई' या क्रियापदावरून. फ्रुई म्हणजे उपभोग घेणे, एखाद्या गोष्टीचं सुख लुटणे. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'फ्रुइतिओ', मग जुनी फ्रेंच आणि तिथून पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी. तेव्हा अर्थ एकच होता, आपल्या ताब्यातल्या गोष्टीचा आनंदाने उपभोग. हाच अर्थ पुढची चारेकशे वर्षं टिकला. मार्लोचा तैमूर म्हणतोय की मुकुट डोक्यावर असण्याचं जे सुख आहे, ते सगळ्यात गोड. शेक्सपिअरच्या 'सहावा हेन्री'च्या पहिल्या भागात राजा मार्गारेटची नुसती वर्णनं ऐकून पाघळतो आणि म्हणतो, एक तर माझं जहाज फुटेल, नाहीतर मी अशा किनाऱ्याला लागेन जिथे मला तिच्या प्रेमाचं 'फ्रुइशन' मिळेल. तिथेही उपभोगच.

'फळ धरणे' आणि त्यावरून 'तडीला जाणे, साकार होणे' हे अर्थ चिकटले एकोणिसाव्या शतकात. कारण सरळ आहे. शब्द 'फ्रूट'सारखा दिसतो, म्हणून लोकांनी तो फ्रूटचाच धरला.

पाणचक्की

पण फ्रूट आणि फ्रुई हे शेवटी एकच ना? मग चूक कसली?

चतकोर

मूळ एक, वाटा वेगळ्या. फ्रुईचंच भूतकाळवाचक रूप 'फ्रुक्टुस', म्हणजे 'उपभोगलेलं'. त्याचंच नाम झालं. आधी उपभोग, मग जमिनीतून मिळणारं उत्पन्न, नफा, आणि शेवटी झाडाचं फळ. फ्रेंचांनी त्याचं 'फ्रुई' केलं (लिहिताना शेवटी ट ठेवून) आणि इंग्रजांनी 'फ्रूट'. म्हणजे फळाला 'फळ' म्हणायच्या आधी रोमन माणूस त्याला 'ज्याचा उपभोग घ्यायचा ते' म्हणत होता. फ्रुइशन मात्र या फळाच्या वाटेने आलंच नाही, ते थेट क्रियापदावरून आलं. लोकांनी नंतर त्याला फळाच्या वाटेवर नेऊन उभं केलं.

निवांत

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

यात थोडी भर घालतो. इंग्रजीत हा शब्द बराच काळ देवळात राहिला, म्हणजे चर्चमध्ये. जुन्या काळचा ख्रिस्ती धर्मचिंतक सेंट ऑगस्टीन, त्याने लॅटिनमध्ये एक जोडी ठरवून दिली होती, 'उती' आणि 'फ्रुई'. उती म्हणजे दुसऱ्या कशासाठी तरी साधन म्हणून वापरणे. फ्रुई म्हणजे एखाद्या गोष्टीत तिच्यासाठीच रमणे. त्याचं म्हणणं असं की जगातल्या वस्तू वापरायच्या आणि रमायचं फक्त देवात. माणसाचा सगळा घोटाळा होतो तो वापरायच्या गोष्टीत रमल्यामुळे. पुढे बाराव्या शतकात पीटर लोम्बार्ड या धर्मपंडिताने आपल्या ग्रंथाची सुरुवातच या भेदापासून केली, आणि मध्ययुगातले पंडित त्यावर पिढ्यानपिढ्या काथ्याकूट करत बसले.

म्हणून १५४९ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात एपिफनीच्या (येशू जगाला प्रकट झाल्याचा सण) दिवशीच्या प्रार्थनेत मागणं आहे की आज आम्ही तुला श्रद्धेने जाणतो, या आयुष्यानंतर आम्हाला तुझ्या तेजस्वी देवत्वाचं 'फ्रुइशन' लाभो. देवत्व फळाला येत नसतं. तिथे सायुज्याचा आनंद मागितलाय.

आता मार्लोची ओळ परत वाचा. प्रेक्षक ज्या शब्दाला 'देवाचा आनंद' म्हणून रविवारी ऐकतात, तो शब्द तैमूर उचलतो आणि त्याला 'अर्थली क्राऊन' जोडतो. 'परफेक्ट ब्लिस' वगैरे शब्दही त्याच्या आधीच्याच ओळीत आहेत. म्हणजे स्वर्गसुखाची सगळी भाषा वापरून हा गडी म्हणतो, मला मातीवरचा मुकुट पुरे. ऑगस्टीनच्या हिशेबात याहून मोठं पाप नाही. अनुवादात हा टोला निसटला तर ओळीत काही उरत नाही.

उंबरठा

निवांत, ही बाजू आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हती. 'पृथ्वीमोल' वगैरे करून आम्ही 'अर्थली' शोभेला लावला होता.

मांडवीकाठ

आमच्या गोव्यात या फ्रुईला सरकारी कागदावर रोज भेटता येतं. पोर्तुगीजांचा १८६७ चा दिवाणी कायदा आमच्याकडे लागू झाला आणि त्यासोबत 'उझुफ्रुतु' आला. रोमन कायद्यातला 'उसुसफ्रुक्टुस'. उसुस म्हणजे वापर, फ्रुक्टुस म्हणजे उत्पन्नाचा उपभोग. आईवडील हयातीतच घर मुलाच्या नावावर करतात, पण बक्षीसपत्रात लिहून ठेवतात की आम्ही दोघं असेपर्यंत उझुफ्रुतु आमचा. म्हणजे मालक मुलगा, पण राहणार आईबाप, माडांचे नारळ आईबापांचे, खोली भाड्याने दिली तर भाडंही त्यांचंच. मुलाला घर पाडून इमारत उठवता येत नाही.

नोटरीकडे बसलेल्या म्हाताऱ्यांना लॅटिन येत नसलं तरी उझुफ्रुतु म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असतं.

चतकोर

मांडवीकाठ, क्या बात है. या रोमन हक्काचे तपशील वाचण्यासारखे आहेत. सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या कायद्याच्या पाठ्यपुस्तकात नियम दिलेत. मूळ वस्तूला धक्का न लावता उपभोग घ्यायचा, ही पहिली अट. मेंढ्यांचा कळप उपभोगाला मिळाला असेल तर कोकरं, दूध, लोकर तुमची. पण कळपातली मेंढी मेली तर नव्या कोकरांतून ती भरून द्यायची. द्राक्षवेल किंवा झाड वठलं तर त्या जागी दुसरं लावायचं.

आणि एक अंगावर काटा आणणारा मुद्दा. कोकरू हे मेंढीचं 'फ्रुक्टुस', मग गुलाम बाईचं मूल हे तिचं 'फ्रुक्टुस' का? यावर रोमन कायदेपंडितांचा खरोखर वाद झाला. उत्तर ठरलं 'नाही'. कारण काय दिलं, तर निसर्गाने सगळी फळं माणसासाठी निर्माण केली, तेव्हा माणसालाच फळ म्हणणं हास्यास्पद ठरेल. तर्क उदात्त आहे. मूल मात्र उपभोग घेणाऱ्याऐवजी मूळ मालकाकडे जायचं, एवढाच फरक पडला.

तिरकस तात्या

म्हणजे बाईला मालक आहे यात कोणाला काही हास्यास्पद वाटलं नाही. धन्य ते पंडित.

श्टुटगार्टची शकू

मांडवीकाठ, जर्मनीत अगदी हाच प्रकार चालतो. घर मुलांच्या नावे करायचं आणि स्वतःकडे 'नीसब्राउख' ठेवायचा. जर्मन दिवाणी संहितेत कलम १०३० पासून पुढे. शब्द लॅटिनवर बेतलेला आहे, 'नीसेन' म्हणजे उपभोगणे आणि 'ब्राउख' म्हणजे वापर. आणि गंमत म्हणजे जर्मन 'ब्राउखेन' (लागणे, गरज असणे) हा लॅटिन फ्रुईचाच भाऊबंद आहे असं आमच्या भाषावर्गाच्या बाईंनी सांगितलं होतं. जाणकारांनी खात्री करून सांगावं.

चतकोर

खरं आहे. आणि त्याचा इंग्रजी भाऊ म्हणजे 'ब्रुक', ओढा नव्हे, क्रियापद. 'ही विल ब्रुक नो डिले', उशीर खपवून घेणार नाही. जुन्या इंग्रजीत 'ब्रूकन' म्हणजे वापरणे, उपभोगणे. मग अन्न उपभोगणे, म्हणून पचवणे. मग पोटात ठेवता येणे, आणि शेवटी सहन करणे. आज तर तो बहुतेक नकारातच येतो. फ्रुई आणि ब्रुक एकाच घरातले, पण एक गेला सुखाकडे आणि दुसरा सोसण्याकडे.

पाणचक्की

हे तर आपलं भोगणेच झालं! भुज्, भोग, फ्रुई. भ चा फ होतो हे शाळकरी पोरालाही माहीत आहे (संस्कृत भ्रातृ आणि लॅटिन फ्राटर, दोन्ही भाऊच). फ्रुई म्हणजे भोग, विषय संपला.

चतकोर

एवढ्यात संपत नाही. भ चा फ बरोबर, पण 'र' कुठून आणला? भ्रातृमध्ये र आहे, भुज् मध्ये नाही. लॅटिनमधला भुज् चा खरा नातलग 'फुंगी', म्हणजे काम पार पाडणे. भुङ्क्ते आणि फुंगितुर शेजारी ठेवून बघा, मधला अनुनासिकसुद्धा जुळतो. त्या फुंगीवरून आला 'फंक्शन'. म्हणजे आपला भोग हा इंग्रजी फंक्शनच्या घरचा. फ्रुइशनशी त्याचं अर्थाने जमतं, रक्ताने नाही.

पाणचक्की

लग्नाच्या फंक्शनमध्ये जेवायलाच जातो आपण, तेव्हा भुज् धातू कामी आलाच.

हळदकुंकू

ब्रुकची कथा वाचून थबकले. उपभोगणे ते सोसणे हा प्रवास मराठीत आपण रोज ऐकतो. संस्कृतात भोग म्हणजे सुखोपभोग. मराठीत आजी कपाळाला हात लावून म्हणते, 'काय भोग आहेत माझे!' शिक्षा भोगली, तुरुंगवास भोगला, प्रारब्धाचे भोग संपायचेत. सुख भोगलं असं म्हणायचं तर आपल्याला मागे 'उप' लावावा लागतो. नुसत्या भोगण्यात आता दुःखच जास्त. कर्मसिद्धांताचा यात हात असणार, कारण तिथे पुण्याचं फळही भोगायचं आणि पापाचंही. आपण पापाचं तेवढं लक्षात ठेवलं.

जुना अर्थ एका दिवशी मात्र शाबूत असतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, आणि वांगी, घेवडा, पावटा, गाजर, ओला हरभरा, बोरं सगळं एकत्र घातलेली भोगीची भाजी. 'न खाई भोगी तो सदा रोगी.' इथे कोणी सोसत नाही.

उंबरठा, तुमच्या ओळीसाठी गीतेत बघा. 'मा फलेषु' नका काढू, ते सगळे काढतात. दुसऱ्या अध्यायातला ३७ वा श्लोक घ्या, 'हतो वा प्राप्स्यसि स्वर्गं जित्वा वा भोक्ष्यसे महीम्'. मेलास तर स्वर्ग मिळवशील, जिंकलास तर पृथ्वी भोगशील. 'भोक्ष्यसे महीम्' म्हणजे तैमूरची ओळच आहे. आणि त्याच अध्यायात पाचव्या श्लोकात अर्जुन उलटं म्हणतो, गुरूंना मारून मी 'रुधिरप्रदिग्ध' भोग भोगायचे का? रक्ताने माखलेले भोग. कोस्रोच्या रक्तात उभं राहून बोलणाऱ्या तैमूरला अर्जुनाचा प्रश्न पडत नाही, एवढाच फरक.

निवांत

हळदकुंकू, दंडवत घ्या. स्वर्ग आणि मही या दोन्ही गोष्टी एका ओळीत. मार्लोने तैमूरला त्यातली मही निवडायला लावली.

सातबारा

सगळे गीतेत आणि रोममध्ये फिरताय, खिशातला सातबारा काढून बघा. त्यावर नाव कशाखाली येतं? 'मालक' नाही, 'भोगवटादार'. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २९, भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २. शहरात इमारत पूर्ण झाली की महापालिका देते ते 'भोगवटा प्रमाणपत्र'. फ्रुइशनचा चारशे वर्षांपूर्वीचा अर्थ, म्हणजे ताबा अधिक उपभोग, मराठीत जसाच्या तसा तलाठ्याच्या दप्तरात बसलाय.

हे आजचं नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत मालकीच्या वादात पुरावे तीन सांगितलेत, लिखित, भुक्ती आणि साक्षी. भुक्ती म्हणजे वहिवाट. कागद काय म्हणतो ते बघा, साक्षीदार काय म्हणतात ते बघा, आणि जमीन प्रत्यक्ष कोण कसून खातोय ते बघा. या 'कसून खाणे' मधलं खाणे म्हणजेच भुज्.

गहाणातही हे आहे. नजरगहाणात जमीन मालकाकडेच राहते, सावकाराची नुसती नजर. ताबेगहाणात जमीन सावकाराच्या ताब्यात आणि व्याजापोटी पीक त्याचं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये याला इंग्रजीत 'युझुफ्रक्चुअरी मॉर्गेज' म्हटलंय. म्हणजे मांडवीकाठांचा उझुफ्रुतु पोर्तुगीज वाटेने गोव्यात आला आणि इंग्रजी वाटेने आमच्या तालुक्यात. कोकणात हापूसची बाग कराराने देतात तेही याच जातीचं. झाडं मालकाची, त्या हंगामाचं फळ करारवाल्याचं, फवारणी, राखण, उतरवणी सगळी त्याने करायची. मोहोर गळाला तर रडायचंही त्यानेच.

तिरकस तात्या

'द स्वीट फ्रुइशन ऑफ ॲन अर्थली क्राऊन' म्हणजे 'ऐहिक मुकुटाचा गोड भोगवटा'. तैमूर, भोगवटादार वर्ग २. शासनाच्या परवानगीशिवाय मुकुट विकता येणार नाही.

माद्रिदकर

इथे स्पॅनिशमध्ये जुना अर्थ अजून जिवंत आहे. 'कोमेर कोन फ्रुइथिओन' म्हणजे चवीने, मिटक्या मारत जेवणे. काम तडीला गेलं या अर्थी फ्रुइथिओन वापरलं तर समोरचा चमकून बघेल. इटालियनमध्ये 'फ्रुइत्सिओने' संग्रहालयाच्या पाटीवर सापडेल, लोकांना कलाकृतींचा आस्वाद किंवा सुविधांचा लाभ घेता यावा या अर्थी. फळ धरायला गेलं ते फक्त इंग्रजी.

तिरकस तात्या

थट्टा पुरे, आता गंभीर प्रश्न. इंग्रजांनी चुकीच्या समजुतीने अर्थ बदलला आणि आता कोशात तो बिनदिक्कत बसलाय. उद्या कोणी मराठीत 'माझ्या अपरोक्ष' म्हणजे 'माझ्या पाठीमागे' असं लिहिलं तर आपण त्याला झोडपतो. अपरोक्ष म्हणजे जे परोक्ष नाही ते, म्हणजे प्रत्यक्ष, डोळ्यांसमोर. आद्य शंकराचार्यांच्या नावावरची 'अपरोक्षानुभूती' ही काही पाठीमागची अनुभूती नाही. मग इंग्रजीला सूट का?

चतकोर

सूट कोणी देत नाही, वापर घेतो. 'अपरोक्ष'ची लढाई आपण हरलो आहोत. दहा माणसांना विचारा, नऊ 'पाठीमागे' म्हणतील. फक्त एक भेद करतो. फ्रुइशनच्या चुकीने कोणाचं नुकसान झालं नाही. उपभोग सांगायला इंग्रजीकडे 'एन्जॉयमेंट' होतंच, आणि 'साकार होणे' याला एक भारदस्त नाम मिळालं. अपरोक्षने मात्र शब्दाचा अर्थ बरोब्बर उलटा केला, त्यामुळे जुना वेदान्ताचा ग्रंथ उघडला की वाचक आडवा पडतो. म्हणून मी स्वतः अपरोक्ष त्या अर्थी लिहीत नाही, पण दुसऱ्याने लिहिलं तर भांडतही नाही.

तिरकस तात्या

मी भांडतो. कोणीतरी भांडायला हवं.

हळदकुंकू

याच घरातलं आणखी एक, फलश्रुती. अथर्वशीर्ष म्हणणाऱ्यांना माहीत आहे, एकवीस आवर्तनं करायची तर फलश्रुती शेवटी एकदाच म्हणायची. दूर्वांनी पूजा केली तर काय मिळेल, सहस्र मोदकांनी केली तर काय ('स वाञ्छितफलमवाप्नोति'), हे सांगणारा भाग. म्हणजे फळाची जाहिरात, फळ नव्हे. आता पेपरात वाचा, 'बैठकीची फलश्रुती काय?' इथे फलश्रुती म्हणजे निष्पत्ती. बहुतेक बैठकांचं बघता जुनाच अर्थ लागू पडतो म्हणा.

निवांत

आणि 'परिणती'चं 'परिणिती' करणारे? 'वादाची परिणिती हाणामारीत झाली' हे आठवड्यातून एकदा तरी डोळ्यांत खुपतं. परि + नम्, म्हणून परिणती. 'परिणीत' हा परि + नी वरून आलेला वेगळा शब्द, त्याचा अर्थ विवाहित. हाणामारीशी त्याचा संबंध असेलही, पण तो व्युत्पत्तीचा नाही.

धाग्याच्या विषयाशी याचा खरा सांधा असा की परिणत म्हणजे पिकलेलं. मेघदूतात आम्रकूट पर्वताचं वर्णन 'परिणतफलद्योतिभिः काननाम्रैः' असं आहे, पिकलेल्या फळांनी झळकणारे रानातले आंबे. कडा पिवळ्या आणि शिखरावर काळा ढग. म्हणजे आज इंग्रजी फ्रुइशनचा जो अर्थ झालाय, फळ पिकून पूर्णत्वाला जाणं, तो संस्कृतात परिणतीकडे मुळातूनच होता. कोणाचा गैरसमज व्हावा लागला नाही. दुर्दैवाने मराठीत परिणती नेहमी वाईटाकडेच होते. भांडणाची होते, प्रेमाची क्वचित.

उंबरठा

गटाला धागा वाचून दाखवला. 'भोगवटा'वर हशा पिकला, पण तैमूरच्या तोंडी तो बसत नाही, तालुका कचेरीचा वास येतो. सध्याचा मसुदा, 'सुख एकच पुरतं : या मातीवरला मुकुट भोगावा'. 'भोगावा'मध्ये गीता ऐकू येते आणि हळदकुंकूंच्या आजीचे 'भोग'ही. तैमूरचं पुढे काय होतं ते बघता तो दुसरा सूर असलेला बरा. आधुनिक 'केम टू फ्रुइशन'ला मात्र 'फळाला आलं' हेच ठेवणार. ते चूक म्हणणाऱ्याला हा धागा दाखवीन.

पाणचक्की

'मातीवरला' छान. 'पुरतं' पेक्षा 'पुरे' बघा, तैमूर तुटक बोलेल.

मांडवीकाठ

अवांतर : सातबारा, वर्ग २ चं वर्ग १ करून मिळतं का हो? सिंधुदुर्गात मामाची थोडी जमीन आहे.

सातबारा

मिळतं, नजराणा भरून. पण जमीन वर्ग २ मध्ये कशी आली त्यावर सगळं अवलंबून आहे. वतन-इनामाची, कूळकायद्याची, की सरकारने वाटप केलेली? प्रत्येकाचा नियम आणि नजराण्याचा हिशेब वेगळा. आधी फेरफार काढा, त्यात मूळ आदेशाचा क्रमांक असतो. वेगळा धागा काढा, इथे तात्या मध्ये पडतील.